वेळूचे धनुष्य

धनुष्य हा शब्द उच्चारला की जनकाच्या सभेतील शिवधनुष्य किंवा अर्जुनाचे गांडीव डोळ्यांसमोर उभे राहते. ही धनुष्ये देवादिकांची; ती कोणी तासली आणि कशाची केली, हे विचारण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही. कौटिल्याने मात्र त्याची दखल घेतली. अर्थशास्त्रातील आयुधागाराच्या प्रकरणात ताड, वेळू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्ये सांगितली आहेत. प्रत्यंचेसाठी रुई, ताग, स्नायू इत्यादींबरोबर वेळूचेही नाव आहे. वेळूच्या दांड्याला वेळूचीच दोरी! ग्रंथ वाचणाऱ्याला याचे नवल वाटेल. बालाघाटच्या रानात ते नवल नव्हते.

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेला बालाघाट जिल्हा १८६७ मध्ये अस्तित्वात आला. वैनगंगेचे सखल खोरे ओलांडून घाट चढला की बैहरचे पठार लागते. पुढे मैकल पर्वताच्या रांगा आणि सालवृक्षांची अरण्ये. गोंड आणि बैगा यांची ही भूमी. वनखात्यात काम केलेल्या कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचे मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. बैगांचे धनुष्य दोरीसकट वेळूचे असते, आणि आकाराने लहान असूनही त्याचे बळ विलक्षण असते, असे त्यांनी नोंदविले आहे. बाणाला लोखंडी टोक आणि मोराची पिसे असत.

या बळाचे रहस्य सालीत आहे. वेळूचे चिवट तंतू सालीलगत दाट असतात, आत विरळ होत जातात. धनुष्य वाकते तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. म्हणून साल बाहेर अखंड राखावी आणि आतून थोडथोडे तासावे. दोन्ही भुजा सारख्या वाकल्या पाहिजेत. एके ठिकाणी चार तास अधिक पडले, तर धनुष्य नेमके तेथेच दगा देते. ही परीक्षा डोळ्यांची आणि बोटांची आहे. ती पुस्तकात लिहिता येते. पण पुस्तकातून हाती येत नाही.

१८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगले निर्माण झाली आणि तेथील शिकारीवर सरकारी नियम आले. १९५५ मध्ये मंडला व बालाघाटच्या सीमेवरील कान्हा हे राष्ट्रीय उद्यान झाले; १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना देशभर संरक्षण मिळाले. हे बंधन निष्कारण नव्हते. १९७० मध्ये कान्ह्यात बाराशिंगे अवघे ६६ उरले होते. बाराशिंगा वाचला, हे उत्तमच झाले. परंतु शिकार थांबली, तशी धनुष्य घडविण्याची गरजही ओसरली.

गरज संपल्यावर विद्या टिकते काय? याचे एक उत्तर अमेरिकेत मिळते. याही जमातीचा अखेरचा माणूस इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गावी एकटाच प्रकट झाला. सॅन फ्रान्सिस्को येथील संग्रहालयात तो राहू लागला. सॅक्स्टन पोप या शस्त्रवैद्याने त्याच्याजवळ बसून धनुष्य घडविण्याची आणि चालविण्याची विद्या शिकून घेतली. १९१६ मध्ये इशी क्षयाने वारला. पोप यांनी १९२३ मध्ये या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि तो वाचून कित्येकांनी हौसेने लाकूड तासावयास घेतले. एका नष्टप्राय जमातीची जीवनविद्या अशा रीतीने परक्यांचा छंद होऊन उरली. मात्र त्यासाठी कोणीतरी वेळेवर शेजारी जाऊन बसावे लागले.

बालाघाटला सातासमुद्रांपलीकडून कोणी पोप येण्याची आवश्यकता नाही. १९७२ पासून धनुर्विद्या पुन्हा ऑलिंपिकमध्ये आली आहे. लक्ष्य गवताचे असले तरी बाणाचा आनंद उणा होत नाही. गावच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला जाणत्या वृद्धाला सन्मानाने बोलवावे, मुलांच्या हाती वेळूची कांब आणि कोयता द्यावा. पहिली दोन धनुष्ये मोडतील. तिसरे वाकेल, आणि नातवाला शिकवावयास आजोबांजवळ काही आहे, हे साऱ्या वर्गाला दिसेल.