मतदान केंद्र आणि मुले : नियम, त्यामागील कारणे आणि लोकशिक्षण

मतदानाच्या दिवशी आईवडिलांचे बोट धरून मतदान केंद्रापर्यंत आलेली मुले देशाच्या सर्वच भागांत दिसतात. मतदान म्हणजे काय, हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे, अशी अनेक पालकांची इच्छा असते. मात्र मुलांना केंद्राच्या आत नेता येते का, आणि येत असल्यास कोठपर्यंत, याची नेमकी माहिती पुष्कळांना नसते. त्यामुळे दाराशी वाद होतात, रांग खोळंबते आणि मुले हिरमुसली होऊन परततात.

नियम काय सांगतो?

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांचे कामकाज ‘निवडणूक संचालन नियम, १९६१’ नुसार चालते. मतदान केंद्रात कोणाला प्रवेश द्यावा, याची यादी या नियमांत दिलेली आहे. मतदारांखेरीज मतदान अधिकारी, निवडणुकीच्या कामावरील शासकीय कर्मचारी, आयोगाने अधिकृत केलेल्या व्यक्ती, उमेदवार आणि त्यांचे प्रतिनिधी यांना आत जाता येते. दृष्टिहीन अथवा आधाराविना चालू न शकणाऱ्या मतदारासोबत आलेल्या व्यक्तीलाही प्रवेश मिळतो. याच यादीत मतदारासोबत असलेल्या कडेवरच्या मुलाचाही स्वतंत्र उल्लेख आहे.

तान्हे मूल आहे म्हणून कोणत्याही मातेला मतदानापासून वंचित राहावे लागू नये, हा या तरतुदीचा उपयोग आहे. स्वतःच्या पायांनी चालत येणाऱ्या शाळकरी मुलाला मात्र आत जाण्याचा हक्क नियमाने दिलेला नाही. केंद्राध्यक्षांनी अशा मुलाला बाहेर थांबण्यास सांगितल्यास ते नियमाला धरूनच असते. म्हणून मोठ्या मुलांना सोबत नेताना घरातील दोन प्रौढांनी आळीपाळीने मतदान करणे सोयीचे ठरते.

दृष्टिहीन किंवा अपंग मतदाराला बटण दाबण्यासाठी मदतनीस घेता येतो. परंतु त्याचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि त्या दिवशी त्याला एकाहून अधिक मतदारांसाठी हे काम करता येत नाही. त्यामुळे शाळकरी नातवाला आजोबांचे मत नोंदविता येत नाही.

गुप्ततेचे महत्त्व

या निर्बंधांचे एक प्रमुख कारण मतदानाची गुप्तता हे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या ९४ व्या कलमानुसार कोणत्याही व्यक्तीला, तिने कोणाला मत दिले हे सांगण्यास भाग पाडता येत नाही. १२८ व्या कलमाने मतदान व मोजणीच्या कामावरील व्यक्तींवर गुप्तता राखण्याचे बंधन घातले आहे. मालक, सावकार, गावातील वजनदार मंडळी किंवा घरातील कर्ता पुरुष यांच्या दडपणाखाली असलेल्या मतदाराला पडद्याआडचे ते काही क्षण मोकळेपणाने निर्णय घेता यावा, हा त्यामागील हेतू आहे. बोलके मूल पडद्यामागे गेले, तर आईने कोणते चिन्ह निवडले हे बाहेर सहज फुटू शकते.

मध्य प्रदेशात ७ मे २०२४ रोजी झालेल्या लोकसभेच्या मतदानात भोपाळ मतदारसंघातील एका केंद्रावर अल्पवयीन मुलाने यंत्राचे बटण दाबल्याची चित्रफीत प्रसारित झाली होती. त्यानंतर केंद्राध्यक्षांना निलंबित करण्यात आले आणि संबंधित पालकाविरुद्ध गुन्हा नोंदविण्यात आला. मुलाच्या कौतुकापोटी केलेली अशी कृतीही गंभीर मानली जाते, हे यावरून लक्षात यावे.

अन्य देशांतील पद्धती

काही देशांची पद्धत याहून निराळी आहे. ब्रिटनमध्ये पालक मुलांना मतदान केंद्रात नेऊ शकतात. मात्र मतपत्रिकेवर खूण पालकानेच करावी लागते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात १९८८ मध्ये ‘किड्स व्होटिंग’ हा उपक्रम सुरू झाला. कोस्टारिकामध्ये मुले पालकांसोबत मतदानाला जातात, हे पाहून त्याची कल्पना सुचली होती. या उपक्रमात मुलांच्या मतांची नोंद वेगळी ठेवली जाते आणि तिचा प्रत्यक्ष निकालाशी संबंध नसतो.

बाहेर राहून काय दाखविता येईल?

दाराबाहेरही शिकण्यासारखे पुष्कळ असते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करण्यास मनाई असते. ती रेषा मुलांना दाखविता येते. रांगेत उभे असलेले सर्व थरांतील नागरिक पाहून प्रत्येकाच्या मताचे मूल्य सारखेच, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अनेक केंद्रे शाळांमध्येच असल्याने आपल्याच वर्गाला त्या दिवशी आलेले निराळे रूप मुले कुतूहलाने पाहतात.

आतील कामकाज घरी सांगता येते. पहिला अधिकारी ओळख पटवून मतदाराचे नाव मोठ्याने उच्चारतो, जेणेकरून उमेदवारांच्या प्रतिनिधींना आक्षेप घेता यावा. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत स्वाक्षरी अथवा अंगठा घेतो. तिसरा अधिकारी यंत्र मतासाठी खुले करतो. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि नंतर पेटीत पडते. प्रत्यक्ष मतदानापूर्वी प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांची चाचणी घेतली जाते, हेही सांगावे. बोटावरील शाई म्हैसूर येथील कर्नाटक शासनाच्या कारखान्यात तयार होते. सार्वत्रिक निवडणुकीत ती १९६२ पासून वापरात आहे.

मतदार यादीत नाव शोधण्याचे काम तर मुलांवरच सोपवावे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची पत्नी’ किंवा ‘तमक्याची आई’ अशीच नोंद केली होती. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत समाविष्ट होऊ शकली नाहीत. आईचे आणि आजीचे नाव यादीत वाचताना मुलांना ही हकीकत अवश्य सांगावी.

शाळांमधील उपक्रम

शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीत मुलांना उमेदवारी, प्रचार, गुप्त मतदान आणि मोजणी या सर्व पायऱ्यांचा अनुभव घेता येतो. निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये शाळा व महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळांचा उपक्रम सुरू केला. आयोगाची स्थापना २५ जानेवारी १९५० रोजी झाली. त्या स्मरणार्थ २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिन म्हणून पाळला जातो.

मात्र शिक्षण आणि प्रचार यांतील सीमारेषा पाळली पाहिजे. घोषणा देणे, पत्रके वाटणे, मिरवणुकीत सहभागी होणे यांसाठी मुलांचा वापर करू नये, असे निर्देश आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकीय पक्षांना दिले. त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ मधील आदेशाचाही आधार घेण्यात आला आहे.

मुलांच्या प्रश्नाला उत्तर

घरी परतल्यावर ‘तुम्ही कोणाला मत दिले?’ हा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर द्यावे की न द्यावे, हे पालकांच्या इच्छेवर आहे. पण ते सांगण्याची सक्ती आपल्यावर कोणीही करू शकत नाही, आणि आपणही ती इतरांवर करू नये, एवढे मुलाला समजले तरी मतदानाचा महत्त्वाचा धडा त्याला मिळाला, असे म्हणता येईल. राज्यघटनेतील ६१ व्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर्षांवर आले. आता १७ वर्षे पूर्ण झालेल्या युवकांना नावनोंदणीसाठी आगाऊ अर्जही करता येतो. आज दाराबाहेर थांबलेल्या मुलाला त्या दाराआड काय आणि का घडते, हे ठाऊक असेल, तर तो तेथे जाणता मतदार म्हणून प्रवेश करील.