उघडा अस्थिभंग : जखमेची स्वच्छता महत्त्वाची

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर वसलेली आहेत. अंबरनाथ आणि बदलापुरात औद्योगिक वसाहतीही आहेत. लोकलमधून पडणे, दुचाकीला धडक बसणे, यंत्रात हात सापडणे अशा अपघातांत हाड मोडते आणि त्यावरची त्वचाही फाटते. जखमेचा मोडलेल्या हाडाशी थेट संबंध आला, की त्यास उघडा अस्थिभंग म्हणतात. हाड बाहेर दिसलेच पाहिजे असे नाही. त्याच जागी असलेली लहानशी जखमही पुरेशी असते.

धोका जंतूंचा असतो. माती, वंगण, कपड्याचे धागे आत शिरतात. संसर्ग हाडापर्यंत पोहोचल्यास हाड जुळत नाही, वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि प्रसंगी अवयवही गमवावा लागतो. ग्लासगो येथे १८६५ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली आणि तो पाय वाचला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पाया अशाच जखमेवर घातला गेला.

१९७६ मध्ये गस्टिलो आणि अँडरसन यांनी मांडलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. एक सेंटिमीटरहून लहान, स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात, त्याहून मोठी पण मांसाची फारशी हानी नसलेली दुसऱ्या, तर मांस, रक्तवाहिन्यांची मोठी हानी झालेली किंवा अतिदूषित जखम तिसऱ्या प्रकारात मोडते.

रुग्णालयात प्रतिजैविके शक्यतो पहिल्या तासातच शिरेवाटे दिली जातात. धनुर्वाताची लसही पाहिली जाते. त्यानंतर भूल देऊन मृत मांस, सुटे निर्जीव तुकडे आणि घाण काढून टाकतात. यास डिब्राइडमेंट म्हणतात. मग जखम सलाइनने धुतात. प्रकारानुसार तीन, सहा किंवा नऊ लिटर सलाइन वापरण्याचा प्रघात आहे. हाड स्थिर करण्यासाठी प्रसंगी बाहेरून सळ्यांची चौकट बसवतात.

धुण्यासाठी साबण बरा की सलाइन, या प्रश्नाचे उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फ्लो' चाचणीने दिले. भारतासह पाच देशांतील २४४७ रुग्णांची माहिती तीत तपासण्यात आली. साबण वापरलेल्यांपैकी १४.८ टक्के, तर सलाइन वापरलेल्यांपैकी ११.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पाण्याचा दाब वाढवूनही लाभ झाला नाही. म्हणजे साध्या सलाइनच्या बाटलीवरही हे काम उत्तम होते.

पूर्वी सहा तासांत जखम धुतलीच पाहिजे, असा दंडक होता. आता साधारण चोवीस तासांची मर्यादा मानली जाते. मात्र सांडपाणी, शेण किंवा शेतातील माती गेली असल्यास विलंब चालत नाही. वालधुनीसारख्या नाल्याच्या काठी पडलेल्याची जखम याच वर्गातली.

अपघातस्थळी जखमेत हळद, तेल, चुना वा पावडर घालू नये. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने जखम झाकावी, रक्त वाहत असल्यास कापडावरून दाब द्यावा, हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवावा. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. हाडवैद्याकडे पट्टी बांधण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका बोलवावी आणि अस्थिशल्यचिकित्सेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पहिल्या तासातील ही दक्षता पुढचे अनेक महिने वाचवू शकते.