जमाबंदीचे दप्तर आणि वाटून केलेले गणित

निजामाचा दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाने 1865 साली निजामाच्या मुलखात जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची रचना, केल्यावर, पटवाऱ्याने मोडीत गावचे दप्तर लिहावे, त्याचा गोषवारा तहसिलीत रुजू व्हावा, आणि गेवराई, माजलगाव, केज, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, इत्यादी ठिकाणच्या बेरजा मिळून बीड जिल्ह्याची जमाबंदी सिद्ध व्हावी, असा परिपाठ पडला. केजचा आकडा गेवराईच्या आधी आला म्हणून एकूण रक्कम बदलत नसे. बेरजेच्या याच गुणधर्मामुळे आज एकच प्रचंड हिशेब शेकडो संगणकांना वाटून देता येतो.

परंतु महसुली दप्तराचे खरे सामर्थ्य बेरजेहून त्याच्या स्मरणात आहे. मराठवाड्यात जमिनीचा तंटा उपस्थित झाला की वकील आजही 1954-55 चा खासरा, म्हणजे जमीन-पाहणीची जुनी नोंद, काढावयास सांगतात. सातबाऱ्यावर जुन्या नावाला कंस पडतो, ते खोडून नाहीसे केले जात नाही, आणि फेरफारामागून फेरफार उलगडत गेल्यास हक्क कोणाकडून कोणाकडे आला याचा माग लागतो.

बर्कले विद्यापीठात 2009 साली आरंभलेल्या 'स्पार्क' या अनेक संगणकांवर हिशेब वाटून देणाऱ्या प्रणालीची रचना याच तत्त्वावर आहे. फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या शिस्तीप्रमाणे तेथे मूळ विदा बदलत नाही. तिच्यापासून नवी विदा निष्पन्न होते व तिचे कूळ नोंदले जाते, म्हणून एखादा संगणक बंद पडल्यास त्याच्याकडील हरवलेला भाग पुन्हा गणून काढता येतो. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत 1986 पासून टेलिफोन यंत्रणेसाठी घडत गेलेल्या 'एरलँग' या प्रोग्रॅमिंग भाषेचा मार्ग निराळा: तेथे प्रत्येक प्रक्रियेची स्मृती स्वतंत्र, व्यवहार केवळ संदेशांचा, आणि कोसळलेल्या प्रक्रियेला तिचा पर्यवेक्षक नव्याने उभी करतो, मात्र तिच्या स्मृतीत जे होते ते आपोआप परत येत नाही. अखंड चालू राहावयाच्या सेवेला एरलँग, आणि अफाट विदेच्या हिशेबाला स्पार्क, असे माझे मत आहे. केवळ वेगाच्या कसोटीवर दोहोंची प्रतवारी लावणे हा दोहोंवर अन्याय होय.

एका बाबतीत मात्र ही संगणकीय साधने जुन्या दप्तराच्या फार पुढे गेली. गावचे दप्तर पुष्कळदा पटवाऱ्याच्या घरीच असे, आणि आपल्याच शेताची नोंद पाहण्यासाठी रयतेला त्याची मर्जी सांभाळावी लागे. उलट एरलँगचा मूळ संकेत (सोर्स कोड) 1998 साली व स्पार्कचा 2010 साली सर्वांना खुला झाला. एरलँगची संदेशपद्धती जावाच्या क्षेत्रात आणणाऱ्या 'अक्का'ने 2022 साली आपला परवाना आवळला खरा, परंतु पूर्वी खुल्या परवान्याखाली दिलेल्या आवृत्त्यांवरील सर्वांचा अधिकार अबाधित होता, आणि त्याच आधारावर अपाची प्रतिष्ठानच्या छत्राखाली 'पेक्को' हा प्रकल्प उभा राहिला.