वैनगंगेकाठचा वसाहतवाद

आफ्रिकेतील वसाहतवाद शिकवताना आपण १८८४-८५च्या बर्लिन परिषदेपासून सुरुवात करतो. आफ्रिका बळकावण्याचे नियम तिथे ठरले आणि आफ्रिकेतल्या एकाही राज्यकर्त्याला बोलावणे नव्हते. गोसीखुर्दच्या मुलांना मात्र हा धडा तीस वर्षे आधीच्या, घरच्या गोष्टीपासून सांगावा असे आम्हाला वाटते. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले. वारस नाही म्हणून १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. त्यात भंडाराही गेला. डलहौसीच्या टिपणात इंग्लंडला लागणाऱ्या कापसाचा उल्लेख आहे, हे विसरू नये. १८६७ मध्ये रेल्वे नागपुरास पोचली.

भंडारा मुख्यतः धानाचा. इथे कोहळी समाजाने बांधलेले तलाव होते. इंग्रजांनी १८६०च्या दशकात सारावसुली करणाऱ्यांना गावाचे मालकच केले, आणि तलाव 'मालगुजारी' झाले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, नाव उरले!

सुदानमध्ये इंग्रजांनी १९२५ मध्ये निळ्या नाईलवर सेन्नार धरण पुरे केले, ते लँकेशायरच्या गिरण्यांच्या कापसासाठी. पाणी मिळाले, पण पेरायचे काय हे शेतकऱ्याच्या हाती राहिले नाही.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ची, स्वतंत्र भारतातली. त्यात गावे बुडाली. त्या गावांतले तलाव कोणी बांधले होते, हे मुलांनी आजी-आजोबांना विचारून वहीत लिहून आणावे.