चंद्राचा कायदा वाचण्याआधी गोवा वाचा

कुडाळहून बांदा ओलांडलं की गोवा. अंतराळातल्या खाणकामाचा कायदा अभ्यासायचा असेल तर सुरुवात तिथून करा.

पोर्तुगीजांनी गोव्यात खाणींची कन्सेशनं दिली, तीही बेमुदत. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले, कन्सेशनं राहिली. संसदेने ती रद्द करून त्यांचे खाणपट्टे केले ते थेट १९८७ मध्ये. या पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०१४ मध्ये. तोवर कितीतरी खनिज बोटीत चढून परदेशी गेलं होतं.

आता वर बघा. १९६७ चा अंतराळ करार सांगतो, चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. पण काढलेल्या खनिजाचं काय? त्यावर करार गप्प आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून ते खनिज काढणाऱ्या आपल्या नागरिकाला दिलं. भारताने १९८२ मध्ये चंद्र करारावर सही केली, पण पुढे मान्यता दिली नाही. २०२३ मध्ये मात्र अमेरिकेच्या पुढाकारातल्या आर्टेमिस करारावर सही केली.

म्हणून 'चंद्र कोणाचा?' हा संशोधनप्रश्न घेऊ नका. पहिला कागद कोण देतो, किती वर्षांसाठी, आणि तो परत कोण घेऊ शकतो, हे विचारा. गोव्यात हे विचारायला उशीर झाला. चंद्रावर अजून वेळ आहे.