जागृतीनंतरचा सोमवार: पंडिता रमाबाईंची गोष्ट

खामगाव, मलकापूर, बुलढाणा, कुठल्याही चर्चमधल्या तरुण पोरांशी बोला, एक प्रश्न हमखास येतो. सभेत रडून पश्चात्ताप केला, सोमवारी कामावर गेलो आणि पुन्हा तेच पाप. मग पापावर विजय म्हणजे नेमकं काय? आज याचं उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात शोधूया.

रमाबाई आपल्याला अगदी लांबच्या नाहीत. वऱ्हाडात काम करणाऱ्या अलायन्स मिशनच्या जेनी फुलर यांनी १९०० साली भारतीय स्त्रियांच्या हालअपेष्टांवर पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे.

त्यांचा बाप्तिस्मा झाला १८८३ साली, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. पण १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट सांगतात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. धर्म बुद्धीला पटला होता, पण मनावरचं पापाचं ओझं तसंच होतं. ते उतरायला पुढे जवळपास आठ वर्षं गेली. म्हणजे बघा, संस्कृतची एवढी मोठी पंडिता, तिलाही वेळ लागला.

मधल्या काळात काम थांबलं नव्हतं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेलेले, त्यामुळे १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन यातूनच वाढलं.

आता येतं १९०५. जानेवारीत रोजची प्रार्थना सुरू झाली, सुरुवातीला ७० जणी. जूनपर्यंत आकडा ५५० च्या आसपास. जूनच्या शेवटी जागृती झाली. मुली मोठ्याने रडत आपली पापं कबूल करू लागल्या. जगभरच्या मिशनरी मासिकांत बातम्या छापून आल्या. आजही भाषणांत हाच प्रसंग रंगवून सांगतात.

पण गोष्ट तिथे संपत नाही. त्याच सुमारास रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचं काम हाती घेतलं. आधीचं मराठी भाषांतर कमी शिकलेल्या बायकांना जड जायचं, म्हणून सोपी मराठी हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ऐकायला कमी यायचं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी रोजचं काम चालूच. ते पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला, तोही मुक्तीच्याच छापखान्यातून, तिथल्या बायकांनी खिळे जुळवलेला.

मला यात एक गोष्ट दिसते. जूनमधल्या अश्रूंनी पाप उघड झालं, आणि ते गरजेचंच होतं. पण विश्वासूपणा दिसला तो पुढच्या सतरा वर्षांत, एकेका ओळीच्या भाषांतरात. म्हणून सोमवारी पाय घसरला तर रविवारचा पश्चात्ताप खोटा होता असं लगेच समजू नका. कबुली द्या, उठा आणि हातातलं काम पुन्हा सुरू करा. विजय बहुतेक वेळा असाच, आवाज न करता येतो.

भेटू पुढच्या भागात.