‘हो’ कुणी म्हटलं? भायखळ्याच्या आणि उमरखाडीच्या तुरुंगांतली लस

मुंबईत हूड मुलाला दम देताना ‘डोंगरीला नेऊन टाकीन’ असं म्हणायची जुनी पद्धत आहे. घाटकोपर-चेंबूरकडे डोंगरीच्या जागी मानखुर्द येतं. दोन्ही ठिकाणची बालगृहं चिल्ड्रन्स एड सोसायटीची, १९२७ साली स्थापन झालेल्या संस्थेची. त्यातली डोंगरीची, म्हणजे उमरखाडीची इमारत पूर्वी तुरुंग होती. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात तिथे १०१ दिवस होते, आणि आगरकरांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. आज आपण बोलणार आहोत ते त्याच इमारतीतल्या अशा कैद्यांबद्दल, ज्यांनी पुस्तक लिहिलं नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण निभावलं. हा प्रसंग आपल्या पाठ्यपुस्तकांना आवडतो, आणि आवडावा असाच आहे. पण एका माणसाने टोचून घेतल्यावर एवढंच कळतं की लस जीव घेत नाही. ती प्लेग अडवते की नाही हे कळायला दोन गट लागतात, एक टोचलेला आणि एक न टोचलेला. दोघांनाही रोगाची सारखीच भीती असावी लागते. आणि कुणी पळून जाऊन चालत नाही.

अशी माणसं तेव्हाच्या मुंबईत आणायची कुठून? लोक गाठोडी बांधून कोकणात, देशावर पळत होते. घरात गाठ आलेला माणूस असेल तर त्याला माळ्यावर लपवत होते, कारण इस्पितळात नेलेला परत येत नाही अशी समजूत होती. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, घरझडत्या सुरू झाल्या, आणि त्याच वर्षी जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. अशा शहरात कोण कुणाला मोजू देणार!

तुरुंगात मात्र सगळं मोजलेलंच असतं. अन्न एक, पाणी एक, झोपायची जागा एक, कामाचे तास एक. जानेवारी १८९७च्या अखेरीस भायखळ्याच्या ‘हाउस ऑफ करेक्शन’मध्ये प्लेग शिरला. नावाप्रमाणे हे सुधारगृहच, वस्तुतः तुरुंग. तिथे सुमारे दीडशे कैद्यांना लस टोचली गेली. न टोचलेले १७० च्या वर होते. त्यांच्यातले १२ आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना लागण झाली, मृत्यू एकही नाही. पुढच्या वर्षी, जानेवारी १८९८ मध्ये, उमरखाडीच्या तुरुंगात पुन्हा तसंच झालं: न टोचलेल्यांत सहा मृत्यू, टोचलेल्यांत शून्य. या आकड्यांचा हाफकिनच्या लसीचं नाव जगभर होण्यात मोठा वाटा होता. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

आता हे ‘गुप्त’ होतं का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. हाफकिननी सगळं छापून जाहीर केलं. भायखळ्याच्या कैद्यांना नोंदी ‘स्वेच्छेने पुढे आलेले’ म्हणतात. पण हा शब्द आपण जरा थांबून वाचला पाहिजे. शेजारच्या कोठडीत माणूस मरतोय, बाहेर जाता येत नाही, समोर तुरुंगाचे साहेब उभे आहेत. अशा वेळी पुढे येणं म्हणजे नेमकं काय? तरीही ते पुढे आले म्हणून वाचले, हेही तितकंच खरं. आम्हाला तर यातला खरा पेच दुसऱ्या गटाचा वाटतो. तुलनेसाठी त्यांचे मृत्यू कामी आले. आपण कुठल्या हिशेबात आहोत, हे त्यांना कुणी सांगितलं होतं का?

लस गुणकारी ठरली की हा प्रश्न मागे पडतो. जगभर असंच झालं. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या शाळेत १९५६ पासून काही वर्षं मुलांना मुद्दाम कावीळ देऊन अभ्यास झाला. पालकांच्या सह्या होत्या. पण १९६४ मध्ये शाळेत जागा उरली नाही, तेव्हा दार उघडं होतं ते फक्त प्रयोगाच्या वॉर्डचं. सही करणाऱ्या आईपुढे दुसरा रस्ताच नव्हता.

आपल्याकडची गोष्ट त्याहून अलीकडची आहे. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात सुमारे १४ हजार आणि गुजरातेत वडोद्याकडे सुमारे १० हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दिली गेली. मुली १० ते १४ वर्षांच्या, खम्मममधल्या बऱ्याच आश्रमशाळांत राहणाऱ्या आदिवासी. कागदावर ही चाचणी नव्हती, ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ होता. आणि चाचणी नाही म्हटलं की चाचणीचे नियमही नाहीत. सात मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये काम थांबलं. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाले नाहीत असं निघालं, हे स्पष्ट सांगायला हवं. पण त्याच चौकशीत संमतिपत्रं तपासली गेली. आंध्रातल्या ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते, आणि २,७६३ वर सही होती वसतिगृहाच्या वॉर्डनची. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदीय समितीने या सगळ्या कारभारावर कडक ताशेरे ओढले.

वॉर्डन वाईट होते असं आम्ही म्हणत नाही. राज्य सरकारनेच मुख्याध्यापक-वॉर्डनना सही करायला मुभा दिली होती. आई-वडील पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, अर्ज टेबलावर. कुणीतरी सही करणारच. एचपीव्ही लस वाईट होती असंही नाही. आज पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तशी लस बनवते आणि आपल्यातल्या अनेकांनी आपल्या मुलींना ती दिली असेल. फरक इतकाच की आपण दवाखान्यात दोन प्रश्न विचारून दिली.

आता नियम कडक झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूत्रांप्रमाणे संशोधनात सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा असतो, बारा वर्षांवर तो लेखी. पालकाची सही असली तरी. म्हणजे मानखुर्दच्या किंवा उमरखाडीच्या मुलापुढे उद्या कुणी असा कागद ठेवला, तर अधीक्षकांच्या सहीखाली आणखी एक ओळ असायला हवी, बारा-तेरा वर्षांच्या अक्षरातली. त्या मुलाला ‘नाही’ लिहायचं असेल, तर त्यानंतरही त्याला रात्री त्याच इमारतीत, त्याच अधीक्षकांच्या हाताखाली झोपायचं असतं.